डोमाभाऊंनी चोरलेला आमचा करंट

शेजारचे डोमाभाऊ आमच्या घरचा करंट चोरतात, हे मी पुराव्यानिशी सिद्ध केलं होतं. त्या पुराव्यात एकच उणीव होती. ते खरं नव्हतं.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी सिंदेवाहीला एका कचेरीत बाबू होतो. बाबू माणसाला दोनच कामं मनापासून येतात : चहा पिणं आणि संशय घेणं. चहा मी कचेरीत पीत असे, संशय घरी घेऊन येत असे.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरचे बल्ब आजारी पडले. संध्याकाळी बटण दाबलं की काचेत एक लालसर किडा वळवळायचा, बस! बल्ब लागला की नाही हे पाहायला कंदील न्यावा लागे! आणि कुडाच्या कुंपणापलीकडे डोमाभाऊंच्या पडवीत? भर दुपार! त्यांची म्हातारी आई त्या उजेडात तांदळातले खडे वेचायची आणि मला माझ्या घरात माझेच पाय सापडत नसत.

"सुमन," मी बायकोला म्हणालो, "आपला करंट तिकडं जाऊन राह्यला."

"काऊन? त्याले पाय फुटले?"

"आकडा! डोमाभाऊनं आपल्या तारावर आकडा टाकला."

सुमननं मान वर करून तार पाहिली. "मले तर कावळा दिसून राह्यला."

"आकडा दिसत नाई, हाच तर पुरावा! चांगला चोर कधी दिसते का?"

(हे वाक्य मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी कचेरीतही म्हणून दाखवलं.)

मग सुमननं एक भलतीच गोष्ट सांगितली. "मी मागं भांडे घासाले बसली का बत्ती वाढते."

मी हसलो. पण पाहिलं, तर खरंच! ती मागच्या दगडावर भांडी घेऊन बसली, बादली ओतली, आणि आतला किडा फुगत फुगत चक्क बल्ब झाला. ती आत आली, थोडा वेळ गेला, की पुन्हा किडा. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला!

"समजलं! तू मागं गेली का डोमाभाऊ घाबरते, आकडा काढते. तू आत आली का पुन्हा टाकते!"

म्हणून मी स्वतः पहाऱ्यावर बसलो. बत्ती वाढेना. टाळ्या वाजवल्या, खाकरलो, कचेरीतल्या साहेबाच्या आवाजात ओरडलो. ढिम्म! सुमननं परात घासली की मात्र झळाळी! याचा अर्थ सरळ होता. चोर फक्त भांड्यांना भीत होता. त्यानंतर आमच्या घरी घासलेली भांडी पुन्हा घासायची पद्धत सुरू झाली. ती फार दिवस चालली नाही, कारण एकदा परात माझ्या कानाजवळून गेली.

मग आमच्या वाघ्याचं प्रकरण झालं. वाघ्या म्हणजे आमचा कुत्रा. (नाव वाघाचं, छाती सशाची.) भांडी घासायच्या दगडाशेजारी जमिनीत गाडलेला एक लोखंडी पाइप होता, तो वाघ्याचा ठरलेला मुक्काम. एका संध्याकाळी त्यानं नेहमीसारखा पाय वर केला आणि अशी किंकाळी फोडली की ताडोब्याच्या वाघानं दचकून शिकारीवर पाणी सोडलं असेल! कोलांटी खाऊन तो खाटेखाली गेला, तो दुसऱ्या दिवशी भाकर दाखवली तेव्हाच निघाला.

"डोमाभाऊनं दगड मारला!" मी जाहीर केलं.

"मंग दगड कुठी हाये?" सुमन म्हणाली.

"उचलून नेला असन! पुरावा कोन ठेवते?"

आता हे सगळं गमतीत गेलं असतं. पण डोमाभाऊ नुसते शेजारी नव्हते. बाबा गेल्यापासून धाकट्या शीलाचं लग्न माझ्या डोक्यावर होतं, आणि तिच्यासाठी चंद्रपूरचं स्थळ डोमाभाऊंनीच आणलं होतं. पोरगा शाळेत मास्तर. शीलानं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती कारण नसताना चंद्रपूरच्या एसटीची वेळ विचारायची. रविवारी संध्याकाळी पाहुणे येणार होते.

"दादा," शीला म्हणाली, "डोमाभाऊसंग भांडू नको. मोप संशय घे, पण सोमवारपासून घे."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. पण रविवारी दुपारी माझा साळा वामन घुग्घुसहून फटफटीवर आला. कोळशाच्या खाणीत तो बिजलीच्या कामावर होता, आणि अंगावर इतकी धूळ की वाघ्या त्याला ओळखीनाच. पाहुण्यांसमोर अंधार नको म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. त्यानं पिशवीतून एक काळा डबा काढला.

"भाऊजी, एका तारानं करंट घरात येते. दुसऱ्या तारानं, म्हणजे न्यूट्रलनं, वापस जाते. जेवढा आला तेवढा वापस नाई गेला, म्हणजे मधातच कुठीतरी पळाला. मंग हा डबा खट् करून बत्तीच बंद करते. माणसाले झटका बसाच्या आधी."

"चोर पकडते म्हण ना!"

वामननं मीटरजवळ डबा बसवला. मी बटण दाबलं. खट्! पुन्हा दाबलं. खट्!

"पळून राह्यला करंट," वामन म्हणाला. "आता कुठी पळते ते पाहा लाग..."

पुढचं ऐकायला मी होतो कुठे? मी कुडावर चढलो होतो!

"डोमाभाऊ! आकडा काढा!"

डोमाभाऊ खाटेवर पंचा टाकून पडले होते. "कोनता आकडा, बाबू?"

"माह्या साळ्याच्या डब्यानं तुमचं नाव सांगतलं!"

"डबा बोलते?"

"खट् म्हणते! दोनदा म्हणाला!"

डोमाभाऊ हळूहळू उठले. एरवी हसरा माणूस, पण चेहरा उतरला होता. "बाबू, पाहुणे माह्या शब्दावर येऊन राह्यले. शब्द देल्ला, तर आनतो. पन त्याईनं मले इचारलं का पोरीचा भाऊ कसा हाये, तर मी खोटं नाई बोलन."

मी मागे वळलो. दारात शीला उभी होती. ती वळून आत गेली आणि पाहुण्यांसाठी काढलेले कप पुन्हा फळीवर ठेवायला लागली.

वामनला करंटची वाट शोधायची होती, पण एसटीला त्याच दिवशी वेळेवर यायची बुद्धी झाली! डबा बत्ती लावू देईना, आणि अंधारात पोरगी कशी दाखवणार? मी हुकूम सोडला, "काढ तो डबा! तार सीधा जोड!"

"भाऊजी, धोक्याचं हाये."

"डोमाभाऊपेक्षा धोक्याचं काई नाई!"

पाहुणे आले. पोरगा, त्याचा बाप आणि मामा. जयभीम झाला. डोमाभाऊ त्यांना फाटकापर्यंत सोडून आपल्या कुडाशी हाताची घडी घालून उभे राहिले. पोराच्या बापानं दारातूनच आमच्या बल्बातल्या किड्याकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"बत्ती एवढी बारीक काऊन? पोरीत काई खोट तर नाई?"

घ्या! जन्मभर मी लोकांवर संशय घेतला, आता माझ्यावर घेणारा भेटला!

आपल्याकडे पाहुण्याला पाय धुवायला पाणी दिल्याशिवाय आत घेत नाहीत. आमचा पाय धुवायचा दगड मागे, भांड्यांचाच. मामांनी पायांवर बादली ओतली आणि घरातली बत्ती झर्रकन वाढली. मामा चमकले. त्यांनी आणखी ओतली. आणखी वाढली!

"अबे, ह्या घरी पानी पेटते!"

तेवढ्यात पोराचा बाप टाच घासायला एका पायावर उभा राहिला आणि तोल सांभाळायला त्यानं शेजारचा पाइप धरला.

"ह् ह् ह् ह्..." तो थरथरायला लागला.

मला वाटलं, डोमाभाऊनं सांगितलंच! माणूस रागानं कापतो आहे! मी हात जोडले. "पाहुणे, आधी आयकून तर घ्या! मी तसा स्वभावानं..."

"ह् ह् ह् ह्!"

"नाई म्हणू नका! पोरगी गुणाची हाये!"

सगळे बघत राहिले. फक्त खिडकीतून पाहणारी शीला नाहीशी झाली. आत धावत जाऊन तिनं मेन स्विच खाली ओढला. अंधार. धप्पकन आवाज. पाहुणा चिखलात बसला होता, पण मोकळा होता आणि जिवंत होता. (जिवंत होता हे त्याच्या शिव्यांवरून कळलं.)

अंधारात वामनचा आवाज आला. "भाऊजी, न्यूट्रल कुठी जोडला तुमी?"

तेव्हा मला आठवलं. गेल्या पावसाळ्यात वांदरांनी उड्या मारून खांबावरून येणारी एक तार तोडली होती. लाइनमनची वाट कोण पाहणार? मी विचार केला, करंटला वापसच जायचं आहे ना, मग जमिनीतून जाईल! आणि घरातली वापसीची तार मी माझ्या हातांनी...

"त्या पाइपाले," मी म्हणालो.

पावसाळ्यात जमीन ओली होती, करंट सुखानं जात होता. उन्हाळ्यात ती सुकली आणि बत्ती मेली. सुमन भांडी घासायची तेव्हा पाइपाला पाणी मिळायचं, म्हणून बत्ती जगायची. वामनचा डबा खट् म्हणत होता तो याच जमिनीत पळणाऱ्या करंटला. आणि बिचारा वाघ्या!

कुडावरून आवाज आला, "बाबू, सापडला का चोर?"

पोराचा बाप उठला. "मेन कोनं पाडली?"

"मी," शीला आतून म्हणाली.

"एवढ्याईत एकटीले अक्कल! मले पोरगी पसंत हाये. अन् लगन लवकर करू. तिले ह्या घरात जास्त दिवस ठेवनं बरं नाई!"

शीलाला पाहण्याचा कार्यक्रम डोमाभाऊंच्या पडवीत झाला, त्यांच्या भर दुपारसारख्या उजेडात. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, आणि कपात साखर जास्त घातली, जी मला आवडत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता न्यूट्रल खांबापर्यंत धड आहे, पाइप उपटला आहे आणि वामनचा काळा डबा भिंतीवर कायमचा बसला आहे. तरी व्याही आले की आधी डोमाभाऊंच्या अंगणात पाय धुतात, मगच आमचा उंबरा ओलांडतात. आणि डोमाभाऊ त्यांच्या पायांवर पाणी ओतता ओतता दर वेळी कुडावरून ओरडतात, "बाबू, पाहून घ्या! पानी माह्याच घरचं हाये!"

मी पाहून घेतो. पाणी त्यांचंच असतं, कबूल. पण ती बादली आमची आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही!