हेज फंडाची भिशी

आमच्या गटाचं पत्रक एका पानाचं असतं, कारण दोन पानांचं कुणी वाचत नाही. बंगळूरला कोरमंगलातल्या बागेबाहेर आणि इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसथांब्यांवर आम्ही ते वाटतो. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. पगार आला की तो पळवायला टपलेल्या लोकांपासून सावध करणं, एवढंच आमचं काम. मराठी मजकूर मी हौसेने केला होता, घरच्यांसाठी म्हणून. घरच्यांनी तो वाचला नाही.

त्यात लिहिलं होतं ते साधं होतं. म्युच्युअल फंडात तुमचे थोडेसे पैसे लाखो लोकांच्या थोड्याशा पैशांत मिसळतात. तुमचा हिस्सा तुमच्याच नावावर असतो, त्याचा भाव रोज जाहीर होतो, आणि बहुतेक फंडांत आज विकायला टाकलं की चार दिवसांत पैसे बँकेत येतात. तोटा होऊ शकतो, पण दार उघडं असतं. हेज फंड श्रीमंतांसाठी असतो. आपल्याकडे त्यात शिरायलाच एक कोटी लागतात. तिथला मॅनेजर उसने शेअर विकतो, कर्ज काढून पैजा लावतो, नफा झाला तर त्यात वाटा मागतो, तोटा झाला तर तो तुमचा. आणि बाहेर पडायचं दार त्यांच्या वेळापत्रकाने उघडतं. ज्याच्याकडे दहा कोटी आहेत त्याने त्यातला एक तिथे ठेवावा, चैन म्हणून. बाकीच्यांनी तिकडे फिरकू नये.

माझ्या ताईच्या भिशीतल्या पाच घरांकडे मिळूनही दहा कोटी नव्हते.

ही भिशी अण्णांची. अण्णा मूळचे बेळगावकडचे, तीस-एक वर्षं बंगळूरमध्ये, कोरमंगलात जुनं घर. पुण्या-नागपूरहून इथे नोकरीला आलेल्या कितीतरी जणांना पहिली खोली, पहिला गॅस त्यांनी मिळवून दिला. त्यांच्या भिशीत कधी पैसा बुडाला नाही. नियम एकच होता: चिठ्ठी कुणाचीही निघो, ज्याला नड असेल त्याने आधी उचलायचं. ताईने आमच्या बाबांच्या आजारपणात अशीच दोनदा उचल घेतली होती, आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

मग चकचकीत बुटांचा एक विक्रेता अण्णांच्या घरी आला. बँका म्हणे बड्या लोकांना अशी माणसं देतात. अण्णा काही बडे नव्हते, पण त्यांच्या मागे पाच घरं आहेत हे त्याने बरोबर हेरलं. बाजार पडला तरी यात कमाई होते, म्हणाला. एक कोटी एकट्याला जमत नसतील तर एकाच्या नावावर करा, आपसात तुमचं काय ते तुम्ही बघा. हे नियमात बसत नाही, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. त्याचं कमिशन नियमात बसत होतं.

आणि पाच घरांनी प्रत्येकी वीस लाख काढले. ही चूक माझ्या माणसांनीच करावी. दुसऱ्या कुणी निदान वकिलाला विचारलं असतं. आमच्या लोकांना वाटलं, अण्णांच्या नावावर म्हणजे काय, भिशीच की ती, जरा मोठी. ताईने म्युच्युअल फंडातले सगळे पैसे मोडले. त्यात बाबांच्या मागे आईला मिळालेलेही होते. मला हे कळलं ते त्याचे पेढे खाताना.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. ताईच्या कंपनीने तिला नारळ दिला, आणि नोकरीबरोबर आईचा विमाही गेला. मग आईचे कान. ती आधीपासून मशीन लावून ऐकायची, पण आता मशीन लावूनही फक्त गोंगाट यायचा. डॉक्टर म्हणाले, कानात आत यंत्र बसवायची शस्त्रक्रिया करा, आणि लवकर करा. जितके दिवस कानाला शब्द कळणार नाहीत तितका नंतर यंत्राचा उपयोग कमी. ताईच्या हिश्श्यातल्या निम्म्याहून अधिक पैशांत ते झालं असतं. बिनपगारी माणसाला बँक कर्ज देत नाही, आणि पत्रकं वाटणाऱ्या माझ्यासारखीला तर दारातही उभं करत नाही.

ताईने अण्णांना फोन केला. माझे तेवढे काढून द्या.

अण्णांनी फंडाकडे विचारलं तेव्हा पत्रकातलं ते दार प्रत्यक्ष कसं असतं ते आम्हाला कळलं. थोडे पैसे काढता येणार नाहीत, कारण एक कोटीच्या खाली मूळ रक्कम जाऊ द्यायची नाही. काढायचे तर सगळे काढा, आधी कळवून, ठरलेल्या तारखेला, दंड कापून. त्यात फंड तोट्यात होता. म्हणजे ताईला निघायचं तर पाचही घरांनी तोटा सोसून निघायचं.

रविवारी दुपारी अण्णांच्या घरी सगळे जमले. मी ताईबरोबर गेले.

“बसा की, आधी चहा घ्या,” अण्णा म्हणाले. ते एकदम म्हातारे दिसत होते.

“अण्णा, हे ऑनलाइन करता आलं असतं. सर्जापूर रोडवरून यायलाच दीड तास गेला,” पुण्याचे एक जण म्हणाले. मोठ्या कंपनीत मॅनेजर, भिशीतले सगळ्यात शिकलेले.

“ऑपरेशन बी ऑनलाइन करूया काय मग?” आतून अक्का, अण्णांची बायको, म्हणाली. कुणी हसलं नाही.

ताईने डॉक्टरांचं सांगितलं. थोडक्यात, रडगाणं न गाता. मग म्हणाली, “भिशीत नड असेल त्याला आधी, असंच आपलं ठरलेलं आहे.”

तिच्याशेजारी तिची नागपूरची मैत्रीण बसली होती. आमच्या आईच्या हातची पुरणपोळी खाऊन वाढलेली. ती खाली बघत म्हणाली, “अगं, पण ही भिशी थोडीच आहे?”

पैसे घालताना होती. मी हे मोठ्याने म्हणाले.

“हे बघ,” मॅनेजर म्हणाले, “इमोशनल होऊन डिसिजन नको. आत्ता निघालो तर लॉस पक्का होईल. सहा महिने थांबू, मार्केट फिरेल.”

“हे कुणी सांगितलं? त्याच बूटवाल्याने?”

“तुझी पत्रकबाजी इथे नको, प्लीज. तुझा यात एक रुपया नाही. माझ्या मुलीच्या ॲडमिशनचे पैसे आहेत हे.”

“मग तुम्ही चौघं मिळून ताईचा वाटा विकत घ्या. आजच्या भावाने. सहा महिन्यांनी वर जाणारच आहे ना, तुमचाच फायदा.”

आता सगळे पंख्याकडे, चहाकडे, एकमेकांकडे बघायला लागले. घराचा हप्ता आहे, म्हणाले. हात मोकळा नाही. पडत्या भावात आणखी कोण घालणार? म्हणजे विकायचं नाही कारण वर जाणार आहे, आणि घ्यायचं नाही कारण खाली जाईल. एकाच तोंडातून, एकाच चहाच्या कपात. मला त्या क्षणी त्या हेज फंडाच्या मॅनेजरचा नाही, या माणसांचा संताप आला, आणि अजून येतो. तो लुटायलाच बसलेला आहे. यांनी आमच्या बाबांना खांदा दिला होता.

शेवटी मी अण्णांनाच विचारलं. “अण्णा, सगळं तुमच्या नावावर आहे. तुम्ही सही केलीत तर कुणी अडवू शकत नाही.”

अण्णांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, पण घातला नाही.

“अडवणार कोण,” ते म्हणाले. “पण चार घरांचं नुकसान माझ्या हातानं कसं करू गं पोरी? उद्या त्यांनी मला तोंड दाखवू नको म्हटलं तर मी जाऊ कुठं?”

“आणि आमचं नुकसान?” मी म्हणाले.

“स्वल्प थांबा,” अण्णा म्हणाले. “थोडे दिवस. मी बघतो काय तरी.” त्यांनाही ठाऊक होतं की बघण्यासारखं काही नाही.

निघताना मॅनेजरांनी ताईला बाजूला घेतलं. सगळे मिळून थोडी मदत गोळा करू, परत नाही केलीस तरी चालेल, असं काहीतरी. ताई म्हणाली, “मला मदत नको, माझे पैसे हवेत.” ते दुखावल्यासारखे झाले. चांगुलपणा नाकारला की हे लोक किती चटकन दुखावतात!

परत आम्ही ऑटोने निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हणाले, तक्रार करू, त्या विक्रेत्याला धरू. “कर,” ती म्हणाली. “पण त्या कागदांवर अण्णांची सही आहे. आधी अण्णांना धरतील.” ते खरं होतं. तक्रार मी लिहून ठेवली आहे. अजून पाठवलेली नाही.

घरी आई दारातच उभी होती. आम्ही कुठे गेलो होतो ते तिला माहीत होतं.

“काय ठरलं?” तिने विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ती हल्ली फार जोरात बोलते, शेजारची दारं किलकिली होतात.

ताईने फोन काढला आणि मोठ्या अक्षरांत लिहून तिच्यासमोर धरला. मी मागून वाचलं. डॉक्टरांचा फोन आला होता. म्हणाले, घाई नाही, थोडं थांबून करू.

आईने ते दोनदा वाचलं. मग तिचा चेहरा एकदम सैल झाला. “बरं झालं बाई,” ती ओरडून म्हणाली. “मला भीतीच वाटत होती त्या ऑपरेशनची. तुम्हाला बोलले नव्हते.”

आणि ती खुशीत आत गेली, आमच्यासाठी पानं घ्यायला. ताई दारातच चपला न काढता उभी राहिली. मग तिने तो मजकूर पुसून टाकला आणि आईच्या दिशेने आत बघत म्हणाली, “हळू बोल.” मी काहीच बोलले नव्हते.