बत्तीसमध्ये कोंबलेली आई

पुण्यातल्या बिबवेवाडीत मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दोन दुकानं होती. चौकातला दुकानदार आठ जीबीच्या कार्डात तीन हजार गाणी भरून द्यायचा. आतल्या गल्लीतले सीतारामभाऊ ओव्हाळ त्याच कार्डात सहाशे भरायचे आणि वर गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "तीन हजार हवीत तर चौकात जा. तिथं गाणी मोजून मिळतात. इथं ऐकून मिळतात."

गिऱ्हाईक बहुधा चौकात जायचं.

सीतारामभाऊंची तरुणपणाची वीस वर्षं भीमजयंतीच्या गायन पार्ट्यांना साउंड लावण्यात गेली होती. मंडपाच्या मागच्या टोकाला उभं राहून पेटीची कुठली पट्टी उतरली आहे ते सांगणारा माणूस. त्यामुळे मोबाईलमधली गाणी आली, तेव्हा साऱ्या जगाला आनंद झाला आणि सीतारामभाऊंच्या कानात दुखायला लागलं. कुणी विचारो न विचारो, ते समजावून सांगत, "गाण्याच्या एका सेकंदासाठी किती माहिती ठेवायची, तो आकडा म्हणजे बिटरेट. तीनशेवीस ठेवला तर फाईल मोठी होते, पण गाणं जागच्या जागी राहतं. एकशेअठ्ठावीसला झांजा जरा गंजतात. चौसष्टला तबला पत्र्याच्या डब्यावर वाजतो. आणि बत्तीसला गाणारा माणूस पाण्याच्या टाकीत पडलेला असतो."

"आणि दुकान त्याच्या आधीच पडलेलं असतं," दुकानामागच्या घरातून त्यांच्या पत्नी कांताबाई म्हणायच्या. त्या दवाखान्यात परिचारिका होत्या. घर त्यांच्या नोकरीवर चालायचं आणि दुकान भाऊंच्या हट्टावर.

जानेवारीत एका सकाळी रिक्षावाले बापूराव दुकानात आले. हे एरवी चौकातलं गिऱ्हाईक. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी मोबाईल पुढे केला.

"भाऊ, आईचा आवाज हाय. पुढच्या रविवारी तिचं वर्षश्राद्ध. लोणी काळभोरला, घरी. मोठ्या स्पीकरवर लावायचाय. काल लावून बघितला, तर नुसतं बुडबुड बुडबुड."

सीतारामभाऊंनी हेडफोन लावला. कुणी बाई गात होत्या. थोरल्या मुलाच्या, गेनबाच्या हळदीतलं ते रेकॉर्डिंग, तीस वर्षांपूर्वीचं. एका आतेभावाने टेपवर घेतलेलं. पण आवाज असा, की बापूरावांची आई तुळजाबाई विहिरीच्या तळाशी बसून तोंडात गूळ धरून गाताहेत. मध्येच गाणं थांबलं, काही शब्द आले आणि पुढे नुसती खळबळ.

"हे, हे," बापूरावांचे डोळे भरले. "ऐकलंत? 'सुखी राहा, बाळा' म्हणती. मला घरात बाळ्या म्हणायचे. आन् पुढं तिचा गळाच दाटून आला. बोलवंना तिला. वर्षभर रोज सकाळी हे ऐकून, हात जोडून, मगच रिक्षाला किक मारतो. गेनबादादा तर देवघरात लावतो."

सीतारामभाऊंनी फाईल संगणकावर घेऊन तिचा आकडा पाहिला आणि हेडफोन काढला.

"बत्तीस."

"म्हंजे?"

"चौकात कॅसेटवरून भरून घेतलीत ना? त्यानं आईला बत्तीसमध्ये कोंबलंय."

"हां, पाठवायला सोपी पडंल म्हणाला," बापूराव म्हणाले. "मग तुम्ही तीनशेवीस करा की. एक शून्यच तर वाढवायचं."

आतून कांताबाईंना ठसका लागला. सीतारामभाऊ मात्र हसले नाहीत. गिऱ्हाईक रडवेलं होतं.

"बापूराव, उसाचा रस काढल्यावर चोथा राहतो. तो चोथा मोठ्या पातेल्यात ठेवला म्हणून रस परत येतो का? मी तीनशेवीस करून देईन. फाईल दहापट होईल, आवाज हाच राहील. जे गेलं ते कॅसेटमध्ये आहे. कॅसेट आणा."

बापूराव आता कुठे खुर्चीवर टेकले. मग चाचरत म्हणाले, "कॅसेट... दादाकडं हाय. म्हंजे हाय पण, शेतात हाय."

"शेतात कशाला?"

"ज्वारीवर पाखरं लई येत्यात. दादा म्हणला, आई मोबाईलमध्ये आलीच हाय, तर फीत वाया कशाला घालवा. पंधरा दिवसांपूर्वी रानात बांधली."

सीतारामभाऊंनी दुकानाचं शटर ओढलं. तसंही गिऱ्हाईक नव्हतं.

रिक्षा सोलापूर रस्त्याला लागल्यावर बापूरावांनी मन हलकं करायला एक गाणं लावलं. "भाऊ, हे कितीचं ओळखा बरं."

इंजिनची धडधड, मागून टँकरचा भोंगा. सीतारामभाऊंनी डोळे मिटून ऐकलं. "एकशेअठ्ठावीस. झांज बघा ना, नुसती वाळू चाळल्यासारखी. चौकातलं आहे."

"तुम्हीच भरलेलं हाय. माझ्या मेव्हण्याचं कार्ड. तीनशेवीस."

हडपसर येईपर्यंत सीतारामभाऊ दुकानांच्या पाट्या वाचत राहिले. मग म्हणाले, "रिक्षात तीन हजारच भरून घेत जा."

शेताच्या बांधावर उभं राहिल्यावर भाऊंना पहिल्यांदा ऐकू आला तो गुणगुणाट. ज्वारीच्या कणसांवरून, या काठीपासून त्या काठीपर्यंत, तपकिरी फीत ताणलेली होती. वाऱ्यावर थरथरत होती, उन्हात चमकत होती. एकही पाखरू नव्हतं.

गेनबा डोक्याला टॉवेल गुंडाळून आला. म्हणणं ऐकून घेतलं आणि सरळ नकार दिला.

"अजिबात नाय. गेल्या साली निम्मं रान पाखरांनी खाल्लं. औंदा आई राखण करती. करू द्या की तिला."

"दादा, आईचा आवाज हाय त्यात," बापूराव म्हणाले.

"आन् आईची ज्वारी हाय ह्यात."

 शेवटी बापूरावांनी बाजारातून चमकीच्या पट्ट्यांची दोन भेंडोळी आणली, त्या आधी बांधल्या, आणि त्यांच्यामुळेही एक चिमणी बसत नाही याची खात्री झाल्यावरच गेनबाने फितीला हात लावू दिला.

मग ती वरात निघाली. पुढे बापूराव काठीवरून फीत सोडवताहेत, मागे सीतारामभाऊ रिकामी कॅसेट आणि पेन घेऊन गुंडाळताहेत, आणि मधे गेनबा "कणसं मोडू नगा" म्हणून ओरडतोय. फितीचे अकरा तुकडे झाले होते. एक तुकडा बाभळीत अडकलेला, तो काढताना भाऊंच्या सदऱ्याची बाही तिथंच राहिली. शेजारच्या वस्तीवरची माणसं बांधावर येऊन उभी राहिली.

"काय चाललंय?" एकाने विचारलं.

"आईला गोळा करतोय," बापूराव म्हणाले. विचारणारा दोन पावलं मागे सरकला.

पुढचे तीन दिवस कांताबाईंच्या ओट्यावर स्वयंपाक कमी आणि तुळजाबाई जास्त होत्या. फीत मऊ फडक्याने पुसायची, तुकड्यांची टोकं तिरकी कापायची, बारीक चिकटपट्टीने जोडायची. जखमा शिवणारा हात म्हणून जोडायचं काम कांताबाईंकडे आलं. "माणसांचे टाके परवडले," त्या म्हणाल्या, "ती निदान ओरडून सांगतात कुठं दुखतंय ते." पण एकही जोड वाकडा गेला नाही. मग भाऊंनी जुना टेप उघडून फितीवरचा आवाज वाचणारं हेड साफ केलं आणि आवाज संगणकावर घेतला. एक कणही न दाबता.

शनिवारी बापूराव आणि गेनबा दुकानात आले. सीतारामभाऊंनी आपले चांगले स्पीकर जोडले.

पहिल्यांदा बांगड्या वाजल्या. मग लांब कुठेतरी म्हैस ओरडली. आणि तुळजाबाईंचा आवाज दुकानात आला. खणखणीत, जरा फाटका, पण शब्द न शब्द सुटा. गेनबा स्पीकरकडे बघत होता तो बघतच राहिला. दहा जोडांवर गाणं किंचित अडखळत होतं, पण कुणाला त्याचं काही नव्हतं. बापूरावांनी सवयीने हात जोडले. आता आशीर्वाद येणार होता.

गाणं थांबलं.

"सुकी राख आण, बाळ्या!" तुळजाबाई कडाडल्या. "भांडी काय तुझा बाप घासंल? ओली आणलीस तर पाठ सोलीन!"

पाठोपाठ पातेलं आदळल्याचा आवाज. वर्षभर गळा दाटून आला म्हणून समजलेला तो हाच.

 सीतारामभाऊंना वाटलं, आपण उगाच हात घातला. बत्तीसवर निदान आशीर्वाद तरी होता. बापूरावांचे हात अजून जोडलेलेच होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. भाऊंनी घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला, तर माणूस हसत होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"ओलीच नेली होती मी," ते म्हणाले. "लई मारलं हो त्या दिवशी. मांडवात, पावण्यांसमोर."

"मी हळद लावून बसलेलो, मला उठताबी येईना सोडवायला," गेनबा म्हणाला. "हीच आई. ती मोबाईलमधली मला परकीच वाटायची. आमची आई कवा सुखी राहा म्हणली होती?"

तिथून दोघांना जे बोलायला सुरुवात झाली, ते कांताबाईंनी दोनदा चहा केला तरी थांबेना. आईने कुणाला कशाने मारलं होतं याची यादीच निघाली.

रविवारी श्राद्धाला मोठ्या स्पीकरवर तुळजाबाईंनी साऱ्या भावकीला राख आणायला लावली. एक म्हातारी चुलती तर खरोखरच उठून उभी राहिली.

सोमवारी गेनबा एकटाच दुकानात आला. बराच वेळ चुळबुळ करत बसला. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "भाऊ, बापूला सांगू नगा. ते जुनं बुडबुडवालं हाय का अजून? माझ्या मोबाईलमधून पोरानं पुसलं."

"खराब आहे ते. खोटंही आहे."

"ठाव हाय. पर देवघरात तेवढं एक आसंल तर बरं."

सीतारामभाऊंनी कांताबाईंकडे पाहिलं. त्यांनी एक कोरं कार्ड पुढे सरकवलं. भाऊंनी कार्ड घेतलं, फाईल शोधली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या हाताने कार्डात बत्तीस भरलं.