तोबरा

शेठनं माझ्या तोंडाला तोबरा बांधला. घोड्याची दाण्याची पिशवी. आत दाणा न्हवता, नुसता भुशाचा चुरा आन् ओली लाळ. मानंमागं वादी आवळून गाठ मारली आन् म्हणाला, "डोंगरातलं जनावर. लई तोंड चालतंय. खा आता."

जुन्नरच्या पागंत, भल्या सकाळी. टपालाच्या टांग्यात बसायला आलेली पावणी बघत व्हती. एक वकील तर तोंडाला रुमाल लावून हसला. मला लाज वाटली, आन् लाजंपेक्षा राग जास्त आला.

गुन्हा काय माझा? लाली घोडी मागच्या पायानं लंगडत व्हती. जुन्नरहून खेडला टपाल न्यायचं, मधी अवसरीचा घाट. उतारावर तिचा पाय मुडपला तर घोडी, टांगा, माणसं, समदं खाली. मी एवढंच म्हणालो, "शेठ, लालीला आज जुंपू नका."

"टांगेवाल्यांचं काय असंल ते मुकादम सांगंल. तू कोण?"

मुकादम म्हंजे शेठचा साडू. त्यानं उभ्या जल्मात लगाम धरला न्हवता. आमच्या वतीनं बोलायला शेठनंच त्याला नेमलेला, आन् तो बोलायचा ते शेठच्याच मनातलं. आमी घाटात मरायचं आन् त्यानं सांगायचं, टांगेवाले खुशीत हायेत. वा रे मुकादम.

मी म्हणालो, "हाकतो मी, तर बोलणार बी मीच." तवा तोबरा चढला.

माझ्या जागी हुसेनचाचांना धाडलं. आमच्यातले सगळ्यात जुने टांगेवाले. घाटात ते खाली उतरले आन् लालीला हातानं धरून चालवत नेलं. परत आल्यावर विहिरीवर समदे जमलो, तवा चाचा म्हणाले, "भाऊ, ह्यो तोबरा तुझ्या एकट्याच्या तोंडाला न्हाई, समद्यांच्या तोंडाला बांधलाय." मग गालात हसले. "आन् तोबरा चढलेल्या जनावराला आपण जुंपतो व्हय?"

न्हाई जुंपत. आमचा रिवाजच हाये. घोडं दाणा खात असंल तर त्याला हात लावायचा न्हाई, मग लाटसाहेब का खोळंबंना.

दुसऱ्या दिशी पागंतल्या झाडून साऱ्या घोड्यांना तोबरे. टपालाच्या थैल्या टांग्यात, पावणी बसलेली, आन् एक बी टांगा जुंपलेला न्हाई. आमी भिंतीला टेकून बसलो. शेठनं मारलेली गाठ मी सोडलीच न्हवती, नुसता डोक्यावरून काढला व्हता तोबरा. तोच गळ्यात अडकवला. ह्या खेपंला माझ्या हातानं.

शेठ आला, शिव्या देऊन देऊन दमला. मुकादम तोबरे चाचपत हिंडला. "आरं, हे तर रिकामे हायेत."

चाचा म्हणाले, "ह्याला बी रिकामाच चढवला व्हता, राव."

ऊन चढलं. टपाल चुकलं की ठेका जाणार, हे शेठला आमच्याहून जास्त ठावं. मग आवाज गोड झाला. "बरं. लालीला सोडतो. चरू दे तिला. पण बोलंल मुकादमच. जुंपा आता."

दोघं-तिघं उठले बी. लाली सुटली, चांगलं झालं. पण उद्या दुसरी घोडी लंगडंल, तवा कुणाच्या तोंडानं सांगायचं? ह्या साडूच्या?

मी उभा राहिलो. "शेठ, तुमी लालीला सोडलं, आमाला न्हाई. आमच्या वतीनं कोण बोलंल, ते आमी ठरवणार."

"आन् कोण बोलंल?"

चाचांनी चाबूक माझ्याकडं केला. उठलेले परत खाली बसले.

शेठ माझ्याकडं वळून म्हणाला, "काढ तो तोबरा, आन् बोल."

"न्हाई. गाठ तुमी मारली, समद्यांच्या म्होरं. समद्यांच्या म्होरं सोडा. तवर एक चाक हलायचं न्हाई."

आन् मी परत भिंतीला टेकून बसलो. गाठ सोडायची तर आता त्यालाच वाकावं लागणार व्हतं.