कोपरा फाडलेलं कार्ड

एकाहत्तरची लढाई होऊन तीन वर्षं झाली होती. पेडगावात सगळे निर्धास्त होते. माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. आमचे मालक नौदलाच्या जहाजावर होते, त्याच जहाजावर झरी गावचा त्यांचा जोडीदार. मालक लिहायचे, परकं विमान इतकं खाली येतं की दोरीवरचे कपडे उडतात. परकी जहाजं अंगावर येतात, म्हणतात, हे पाणी आमचं. गोळी सुटत नाही, नुसता दरारा. आता पाण्याला काय बांध असतो व्हय? घरात अक्षर येणारी मी एकटी. भीतीचं तेवढं मी गिळायची आणि सासूला वाचून दाखवायची, "खुशाल हाय."

एका दुपारी पोस्टमन आला. कार्ड ओट्यावर ठेवलं आणि निघून गेला. कार्डाचा कोपरा फाडलेला. आमच्याकडं तशी मयताची खबर येते. उंबऱ्याबाहेर वाचायची, घरात न्यायची नाही. सासूनं ऊर बडवायला सुरुवात केली. शेजारणीनं माझ्या बांगड्यांना हात घातला, तशी मी चवताळले.

"आगं, आधी वाचू तर दे!"

अक्षर मालकांचंच. 'सप्रेम जयभीम. मी बरा आहे.' मी खदाखदा हसले. सासूला वाटलं, पोरीला येड लागलं.

मग पुढचं वाचलं. 'परकं जहाज आडवं आलं. आमचं गर्रकन वळवावं लागलं. झरीचा गडी डेकवरून पाण्यात गेला. दोन दिवस शोधलं, सापडला नाही. सरकारी तार निघायला वेळ लागेल, त्याआधी आपल्या माणसानं जाऊन सांगावं. रीत म्हणून कोपरा फाडलाय.'

रीत म्हणे! इथं आमचं काय होईल, एवढी अक्कल नको माणसाला? लय राग आला. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्याचं मरण वाचून मला बरं वाटलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सासरे आणि मी एस्टीनं झरीला गेलो. त्याची माय अंगणात तुरी पाखडत होती. तार आली नव्हती. आम्हाला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"ये गं लेकी. तुझा मालक बरा हाय न्हवं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव."

"मंग माझं लेकरूबी बरंच असंल. एकाच जहाजावर तर हायत दोघं," ती म्हणाली, आणि आमच्यासाठी चहा टाकायला उठली.