चेडवाची पेटी

पत्र दुपारी आलं, दोह्यातल्या आमच्या कॅम्पच्या ऑफिसात. दत्तारामच्या घरचं, पण पाकिटावरचं अक्षर नेहमीसारखं त्याच्या बायकोचं, वहिनींचं नव्हतं. दत्ताराम गेला. घराचा वासा बदलून खाली उतरला, ओट्यावर टेकला आणि बसल्या बसल्याच... पत्र पोचेपर्यंत बारावाही होऊन गेला होता. म्हणजे ते सगळे दिवस मी इकडे हसत होतो, जेवत होतो. आज त्याला जाऊन दीड महिना झाला, तरी मला अजून धड रडता आलेलं नाही.

दत्ता कुडाळकडचा सुतार, मी वेंगुर्ल्याच्या मासेमाराचा पोरगा, कंपनीत ड्रायव्हर. अठ्ठ्याहत्तर साली एका खोलीत पडलो आणि नऊ वर्षं एका ताटात जेवलो. तो माझ्या आमटीला नावं ठेवायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. रंधा मारताना कुणी बोललेलं त्याला खपत नसे. त्याचं नाक फार तिखट, लाकूड डोळे मिटून ओळखायचा.

ऐंशी साली बंदरावरचा क्रेन ऑपरेटर रोमी एका खोक्यात एक जनावर घेऊन आमच्या खोलीवर आला. रोमी फिलिपिन्सच्या एका लहानशा बेटावरचा. जहाजावरच्या कुणीतरी ते जनावर विकायला आणलं होतं, ते यानं पगारातून सोडवलं. मांजराएवढं, अंगभर लांब राखाडी केस, झुबकेदार शेपूट, तोंड मात्र उंदराचं. "ओन्ली माय आयलंड," रोमी छातीवर हात ठेवून म्हणाला. हे झाडावरच राहतं, ढोलीत एका वेळी एकच पिल्लू घालतं आणि तिथलं जंगल तर तुटत चाललंय, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. त्याच्या खोलीत आठ माणसं होती, म्हणून त्याला ते आमच्याकडे ठेवायचं होतं. महिन्याभरानं त्याच्या मेव्हण्याचं जहाज येणार होतं, त्यातून तो त्याला परत धाडणार होता.

मी म्हटलं, "उंदीर पाळूचो हा आता?" दत्तानं ऐकलंच नाही. त्यानं बोट पुढे केलं आणि ते जनावर बोट धरून सरळ त्याच्या खांद्यावर चढलं. "माझा चेडू ता," तो म्हणाला, म्हणजे माझी पोर. गावी त्याची मुलगी दोन वर्षांची होती आणि त्यानं तिला एकदाच, सुट्टीत पाहिलं होतं.

मग चेडू आमच्या खोलीची मालकीण झाली. दिवसभर कपाटावर झोपायची आणि संध्याकाळी दोरीवरून उलटी उतरायची. ड्यूटी संपली की दत्ता साहेबांच्या बंगल्यांच्या माळ्याकडून शेवग्याचा, बोरीचा कोवळा पाला मागून आणायचा. त्या वाळवंटात पाला मागत फिरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. प्रवासासाठी त्यानं सागाची पेटी केली. गोल तोंडाची, आतून ढोलीसारखी. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. कॅम्पात मोडकं हिंदी शिकलेल्या रोमीला तो म्हणायचा, "वो घर जायेगा, इन्शाल्ला."

शुक्रवारी तो ओव्हरटाइमला गेला होता. पेटी कोरीच होती. मला वाटलं, पॉलिश राहिलंय. समुद्राचा प्रवास, खारी हवा... आमच्याकडे होडीला दरवर्षी काजूच्या टरफलांचं तेल लावतात. टाचांच्या भेगांसाठी आईनं त्याची एक बाटली दिली होती. पेटीला बाहेरून आणि तोंडाच्या कडेला मी दोन हात मारले. ते तेल ओलं असताना कातडं सोलून काढतं, हे मला लहानपणापासून ठाऊक. ते दिवसभरात वाळेल असं मी धरून चाललो. चेडू सतत लाकूड कुरतडते, म्हणून दत्तानं पेटी मुद्दाम कोरी ठेवली असेल, हे मात्र डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे ओठ सुजले, तोंडात फोड आले. तिसऱ्या दिवशी तिनं दत्ताच्या मांडीवर जीव सोडला. जहाज यायला पाच दिवस होते.

रोमी आला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. "हाऊ?" एवढंच त्यानं विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दत्ता म्हणाला, "मेरे पत्ते से गया. नया पेड का पत्ता डाला मैंने." मग माझ्याकडे न बघता, "माझ्याच पाल्यान गेला ता." रोमी निघून गेला आणि पुन्हा कधी आमच्या खोलीवर आला नाही. रस्त्यात भेटला तरी दत्ताला चुकवायचा. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत सात वर्षं गप्प बसलो.

त्याच दिवशी दत्ता पेटी सुतारखान्यात घेऊन गेला आणि उशिरा चादरीत बांधून परत आणली. कपाटावर ठेवली. तो कायमचा गावी निघाला तेव्हा मी म्हटलं, पेटी घेऊन जा. "ऱ्हवांदे हय," तो म्हणाला. "तुका कधी वाटला तर सोड."

पत्र आलं त्या संध्याकाळी मी गाठ सोडली. आत फिकट, कोरं लाकूड. बाहेरून, कडेनं, सगळीकडून रंधा मारून त्यानं तेलाचा थर काढून टाकला होता. फक्त एका सांध्याच्या खाचेत, जिथे रंधा पोचत नाही, तिथे काळपट रेघ उरली होती. तोंडापाशी मात्र चेडवाच्या दातांच्या खुणा राहतील इतपतच त्यानं तासलं होतं.

त्याला त्याच दिवशी, वासावरूनच कळलं होतं. माझ्या वाटची रोमीची नजर त्यानं सात वर्षं झेलली, आणि माझ्या आमटीला नावं ठेवत राहिला.

मी पेटीत तोंड घालून मोठ्यानं म्हटलं, "दत्ता, तेल मीयाच लावलंय रे." आतून अजून तेलाचा बारीक वास येतो.