खोली रिकामी

दोन लोहमार्ग जिथे मिळतात त्या ठिकाणाला जंक्शन म्हणतात, आणि नाव भारदस्त असले की लोकांना वाटते, तिथे काहीतरी भारदस्त असणार. इथे होता एक फलाट, एक चहाची टपरी, एक मालधक्का आणि फलाटामागे एक प्रतीक्षालय. फाट्याची, म्हणजे आडमार्गाला जाणारी गाडी मालधक्क्यापलीकडे उभी राही. ती प्रतीक्षालयातून दिसत नसे, तिची शिट्टीही आत पोहोचत नसे. खोलीतला घोषणांचा कर्णा मुका होऊन जमाना लोटला होता आणि त्याच्या दुरुस्तीचे अर्ज वरच्या कचेरीत सुखाने नांदत होते. शेवटी माणसांनीच आपापसांत एक रीत पाडली. गाडी सोडण्यापूर्वी गार्ड मालधक्क्याच्या कोपऱ्यावरून हाक देई, "वहिनी, खोली रिकामी?" खोलीची झाडलोट करणारी बाई पेंगणाऱ्यांना हलवून बाहेर काढी आणि ओरडून सांगे, "रिकामी!" मगच हिरवे निशाण हले.

वहिनी म्हणण्याचे कारण एवढेच की तिचा नवरा याच स्थानकात सांधेवाला होता आणि गार्डाचा जिवाभावाचा मित्र होता. रूळ जिथे फुटतात तो सांधा फिरवून गाडीला वाट दाखवणे हे त्याचे काम. एके दिवशी त्या वेळच्या स्थानकप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी, घाईघाईत त्याला तोंडी हुकूम दिला, "मालगाडी जुन्या रुळावर घे." जुना रूळ खचलेला होता. सांधेवाल्याने तसे सांगितलेही. "तुला अक्कल विचारली का?" असे उत्तर मिळाले. डबे घसरले. चौकशी बसली. साहेबांनी शांतपणे सांगितले, "मी असे काही सांगितलेच नव्हते." टपरीवाल्याने सारे ऐकले होते, पण टपरी साहेबांच्या मर्जीवर उभी होती, तेव्हा त्यानेही कानावर हात ठेवले. सांधेवाल्याची नोकरी गेली, साहेबांची बढती झाली. न्याय म्हणतात तो असा असतो.

पुढे नवरा लाकडाच्या वखारीत ओझी वाहू लागला. मागाहून आलेल्या स्थानकप्रमुखाला दया आली आणि त्याने वहिनीला प्रतीक्षालयाच्या कामावर घेतले. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हाही तापात पुटपुटत असे, "ते म्हणाले होते गं, घे म्हणून." ती म्हणे, "मला ठाऊक आहे." पण बायकोला ठाऊक असण्याला जगात किंमत नसते. तो तसाच गेला, माथ्यावर डाग घेऊन.

आणि एका दुपारी मुख्य गाडीतून मोठे साहेब उतरले.

केस पांढरे झाले होते, पोट पुढे आले होते. चाल मात्र तीच, फलाट आपल्या तीर्थरूपांचा असल्यासारखी. त्यांनी वहिनीला ओळखले नाही. झाडणाऱ्या हाताकडे पाहावे, चेहऱ्याकडे नाही, ही त्यांची जुनी शिस्त.

"बाई, खुर्ची पुसा जरा. फाट्याच्या गाडीला अवकाश आहे ना?"

"आहे की साहेब. कुठं निघालात?"

"सत्कार आहे माझा." त्यांचा आवाज आपोआप सभेतला झाला. "संध्याकाळी. उभ्या नोकरीत एक ठपका नाही, म्हणून."

वहिनीच्या हातातले फडके थांबले.

"एकही नाही?"

"एकही नाही! आता मी जरा डोळा लावतो. गाडी लागली की उठवा. विसरू नका."

"विसरते कशी?" ती म्हणाली. "मी काहीच विसरत नाही, साहेब."

टपरीवाला दारात चहाचा पेला घेऊन उभा होता. साहेबांनी चहा घेतला, पाय लांब केले आणि थोड्याच वेळात ते घोरू लागले. निष्कलंक माणसाला झोप चांगली लागते.

वहिनी उंबऱ्यात बसली. नवऱ्याला काढले त्या दिवशी याच माणसाच्या पायाशी ती बसली होती आणि त्याने पाय मागे घेतले होते. आज संध्याकाळी हे पाय व्यासपीठावर चढणार, टाळ्या वाजणार, आणि वखारीत झिजलेला माणूस कायमचा दोषी ठरणार. तो सत्कार तेवढा ती अडवू शकत होती. त्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हते.

मालधक्क्यावरून हाक आली, "वहिनी, खोली रिकामी?"

तिने आत पाहिले. तोंड उघडे टाकून साहेब झोपले होते.

"रिकामी!" ती ओरडली.

साहेब जागे झाले तेव्हा गाडी केव्हाच निघून गेली होती आणि दुसरी उद्याशिवाय नव्हती; गावात भाड्याची मोटारही मिळत नसे. त्यांनी आकाशपाताळ एक केले. हल्लीचा स्थानकप्रमुख धावत आला.

"हिला मी बजावून सांगितलं होतं, मला उठव म्हणून!"

"काय हो बाई? सांगितलं होतं यांनी?"

"नाही," वहिनी म्हणाली. "साहेबांनी मला असं काही सांगितलंच नव्हतं."

साहेबांनी टपरीवाल्याकडे बोट दाखवले. "हा होता इथे! विचारा याला!"

टपरीवाल्याने एकदा वहिनीकडे पाहिले. मग मान खाली घातली. "मी किटलीत बघत होतो, साहेब. अशा गोष्टी मला कधीच ऐकू येत नाहीत."

स्थानकप्रमुख वैतागला. "बाई, माणूस आत असताना रिकामी म्हणालात, याचा जाब द्यावा लागेल. नोकरीवर येईल."

"येऊ दे."

स्थानकप्रमुख गेल्यावर साहेबांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिले. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "तू... त्या सांधेवाल्याची..."

"बायको."

"मी सांगितलं होतं, हे तुला पक्कं माहीत आहे!"

"आहे ना. तुम्हालाही माहीत होतं."

साहेबांचा फोन वाजला. समोरून कुणीतरी विचारीत असावे, कुठवर आलात. "तब्येत... एकाएकी तब्येत बिघडली हो," साहेब म्हणाले. खोटे बोलायला त्यांना आजही तयारी लागली नाही. फक्त या वेळी ते ऐकून त्यांच्याकडे रोखून पाहणारे कोणी समोर होते.

मग ते खुर्चीत मिटून बसले. जाणार कुठे? गावात लॉज नव्हते, फलाटावर ऊन होते, आणि बाहेर येणारा जाणारा हमाल थांबून आत डोकावत होता, कारण टपरीवाल्याला ऐकू येत नसले तरी बोलता चांगले येत होते.

वहिनीने झाडू उचलला. खोली सकाळीच झाडून झाली होती. ती सरळ त्या खुर्चीपाशी आली.

"साहेब, पाय वर घ्या."

त्यांनी पाय वर घेतले. तिने सावकाश, कोपरान् कोपरा काढून झाडले आणि बाहेर गेली. त्यांनी पाय खाली टेकले न टेकले तोच ती पुन्हा आत आली.

"साहेब, पाय."