सावलीतला पाइप

मी प्लंबर. निम्मं आयुष्य पाइपांना सावली शोधण्यात गेलं. हसू नका. मस्कतमध्ये उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की थंडचा नळ सोडला तरी हात भाजतो. लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यातलं पाणी थंड म्हणून वापरतात. अशा गावात पाइपावर ऊन पडू दिलं तर तो प्लंबर कसला? म्हणून मी कुठंही कामाला गेलो की आधी ऊन न लागणारी भिंत बघायचो. लोक म्हणायचे, रत्नागिरीवाल्याच्या हातचं पाणी गार. ऐकून छाती फुगायची.

तीच फुगलेली छाती घेऊन एका डिसेंबरात मी जबल अख्दरच्या डोंगरावर गेलो. आमच्या अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, आईचं घर तिथं होतं. म्हातारी एकटी राहायची. न्हाणीघर अंगणापलीकडं, दगडी पायऱ्या उतरून. त्याच पायऱ्यांवर ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मस्कतला ऑपरेशन झालं. अर्बाब म्हणाला, आता मस्कतलाच माझ्याकडं, अल् खुवैरला राहा. ती म्हणाली, मरेन पण फ्लॅटमध्ये राहणार नाही. शेवटी दोघांत तह झाला. घराच्या आत न्हाणीघर झालं तर तिनं घरी राहावं, नाहीतर मुकाट्यानं मस्कत. ते बांधायचं काम माझ्यावर आलं.

खरं सांगतो, मला अर्बाबाचंच पटत होतं. माझी आईपण गावाला अशीच एकटी. अंगात मूठभर हाडं, पण हट्ट केवढा! परसातल्या न्हाणीत तीपण एकदा पडली होती. मेमध्ये येतो, तुला मुंबईला भावाकडं सोडतो आणि घराला कुलूप लावतो, असं मी तिला फोनवर बजावलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. एरवी फोन ठेवताना 'जेवलास काय?' विचारायची, तेही बंद केलं होतं.

काम मात्र झकास झालं. टाकी घरामागच्या दरडीवर होती. तिथून पाइप मागच्या भिंतीवरून आणला, कारण त्या भिंतीला दिवसभर सावली. पुढं तो भिंतीत घेतला आणि वरून टाइल्स लावल्या. संध्याकाळी नळ सोडला, पाणी खळखळून आलं. स्वतःचीच पाठ थोपटली आणि तीन ब्लँकेटं ओढून पुढच्या खोलीत झोपलो.

सकाळी नळ सोडला तर ठणठणाट. मागं जाऊन टाकीचं झाकण उघडलं, तर पाण्यावर बर्फाची साय. पाइपावर टिचकी मारली, आवाज भरीव आला. आतलं पाणी गोठलं होतं. ओमानमध्ये! मी जन्मात बर्फ पाहिला तो मासळीच्या खोक्यात. पुढच्या अंगणात ऊन आलं होतं, शेजारच्या शेळ्या आरामात शेकत बसल्या होत्या. आणि माझा लाडका पाइप मागं सावलीत कुडकुडत होता. एवढा शहाणपणा कुणी सांगितला होता मला?

तेवढ्यात अर्बाबाचा फोन. आम्ही हिंदीत बोलायचो. म्हणाला, "अम्माला घेऊन निघालोय. दहापर्यंत पोचतो. पाणी ठीक आहे ना?"

खोटं बोलून काय उपयोग? सांगून टाकलं. तो म्हणाला, "पाणी नसेल तर मी तिला गाडीतून उतरवणारच नाही. तशीच परत नेईन." मागून म्हातारीचा आवाज आला, "ला! ला!" नाही, नाही म्हणत होती बिचारी.

गोठलेला पाइप गळत नाही, ही त्यातली गोम. तो फुटलाय की नाही ते बर्फ वितळल्यावरच कळतं. बाहेर फुटला तर ठीक. टाइल्सच्या मागं फुटला असला तर भिंत फोडायची, म्हणजे आठ दिवस गेले. आणि म्हातारी एकदा मस्कतला परत गेली की कसली पुन्हा येते!

घरात पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचे खोके होते. तेच पाणी मोठ्या पातेल्यात तापवलं. गोणपाटं त्यात भिजवून पाइपाला गुंडाळली. नळ उघडा ठेवला आणि नळाच्या बाजूनं सुरुवात करून टाकीकडं सरकत गेलो. गोणपाट गार झालं की पुन्हा पातेल्याकडं पळायचं. बोटं भाजत होती आणि पाय थंडीनं बधिर. तोंडानं एकदा दुवा, एकदा स्वतःलाच शिव्या.

दहाला गाडी दारात आली, तरी नळ कोरडाच. अर्बाब उतरून मागं आला, गोणपाटं बघितली आणि म्हणाला, "खलास."

"पाच मिनिटं द्या, अर्बाब," मी हात जोडले.

तेवढ्यात नळ आत खोकला. गढूळ पाणी थुंकला, पुन्हा खोकला. मी धावत जाऊन टाइल्सना कान लावला. आणि बाहेरून अर्बाब ओरडला! बाहेरच्या वळणावरचा एल्बो तडकला होता, आणि पाण्याची बारीक चिळकांडी थेट त्याच्या पांढऱ्या पायघोळ दिशदाश्यावर उडत होती. मालक भिजतोय आणि मी येड्यासारखा हसतोय. बाहेर फुटला होता हो, बाहेर! अल्हमदुलिल्ला! माझा जीव भांड्यात पडला. टाकीचा कॉक बंद केला, तुकडा कापला, नवा एल्बो बसवला. पुन्हा पाणी सोडून टाइल्सना कान लावला. आत सगळं शांत.

म्हातारी वॉकर धरून आत आली. तिला मी अम्माच म्हणायचो. तिनं नळ सोडला, पाण्याखाली हात धरला, झटकन मागं घेतला, पुन्हा धरला. मग चूळ भरली, तोंड धुतलं. पदरासारखी ओढणी तोंडावरून फिरवून लेकाला म्हणाली, "यल्ला, तू जा आता." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत चूक कबूल केली. तिनं मला उन्हाची भिंत दाखवली. "इथं पाणीपण उन्हात ठेवावं लागतं. मी घरात असते तर सांगितलं असतं ना तुला!"

दुपारी पाइप हलवायला त्या भिंतीचं माप घेतलं आणि तिथंच उन्हात बसून मी आईला फोन लावला.

"आई, मुंबईचं राहू दे. मेमध्ये आलो की तुझी न्हाणी घरात आणतो."

 

"टाइल्स गुळगुळीत नको लावूस," ती म्हणाली. "पाय सरकतो."

"नाही लावत."

"बरं," ती म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, "जेवलास काय रे?"